काविळीची बातमी आधी संडासाच्या टाकीत येते

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

परवा तुमच्या पेपरात आतल्या पानावर चार ओळींची बातमी होती, वाडीत काविळीचे रुग्ण, आरोग्य पथक दाखल, साथ आटोक्यात. वाचून हसू पण आलं आणि राग पण आला. पथक गाडीतून उतरतं तेव्हा साथ आटोक्यात वगैरे येत नसते हो, ती आपलं काम उरकून पुढच्या वाडीत गेलेली असते. मी राजापूर तालुक्यात उपकेंद्रावर नर्सबाई होते, आता रिटायर आहे, गुडघे गेलेत पण डोकं शाबूत आहे म्हणून लिहिते. पत्र लांबलं तर कापा, फक्त टाकीचा भाग कापू नका.

माझ्याच हद्दीतली गोष्ट सांगते, गावाचं नाव नको. दहावीतली एक मुलगी उलट्या करत उपकेंद्रावर आली, डोळे हळदीसारखे पिवळे. मी घरोघरी फिरले तर वाडीत अकरा जण निघाले आणि त्यातले सात जण आधीच गावठी औषध घेऊन मोकळे झालेले, कोणी नाकात रस घातलेला, कोणी पाल्याचा रस पिऊन पथ्य धरून बसलेला. म्हणजे त्या दिवसापर्यंत आमच्या रजिस्टरला पेशंट शून्य आणि वाडीत अकरा! वरच्या अंगाला नव्या बंगल्याच्या संडासाची टाकी आणि तिचा शोषखड्डा, खालच्या अंगाला वाडीची विहीर, आणि मधे जांभा दगड. जांभ्यातून पाणी कसं झिरपतं हे आपल्याकडे विहीर खणणाऱ्याला विचारा. पाण्यात मैल्याचे जंतू असले की काळी पडते त्या एचटूएसच्या बाटलीत विहिरीचं पाणी भरून ठेवलं तर दुसऱ्या दिवशी बाटली काळीकुट्ट, आणि ग्रामपंचायतीच्या भिंतीवर पाणी चांगलं असल्याचं हिरवं कार्ड लटकतंय. मग काय, विहिरीत टीसीएल म्हणजे ब्लीचिंग पावडर पडली, फोटो निघाले.

आता मुद्द्यावर येते. काविळीचा ए प्रकार असतो त्यात डोळे पिवळे व्हायच्या आठवडा दोन आठवडे आधीपासूनच माणसाच्या शौचातून व्हायरस बाहेर पडत असतो. तो माणूस धडधाकट शेतात काम करत असतो, लग्नाला जेवायला जातो, त्याला स्वतःलाही पत्ता नसतो, पण त्याच्या संडासाच्या टाकीला पत्ता असतो. आणि जो गावठी औषधवाल्याकडे जातो तोसुद्धा संडासाला घरीच जातो ना! म्हणून मी म्हणते की दवाखान्याचं रजिस्टर मोजून साथ कळणार नाही, सांडपाणी तपासा. ई प्रकारची कावीळ तर गरोदर बाईला शेवटच्या तीन महिन्यांत झाली तर शंभरातल्या वीस पंचवीस दगावू शकतात, तिथे थोडं आधी कळणं म्हणजे काय ते बाळंतपणं केलेल्या बाईला विचारा.

हे काही माझ्या डोक्यातलं खूळ नाही. पोलिओच्या वेळी १५ वर्षांखालच्या मुलाचे हात पाय अचानक लुळे पडले की आम्हाला त्याच्या शौचाचे दोन नमुने २४ तासांच्या अंतराने घ्यावे लागायचे, लुळेपणा आल्यापासून १४ दिवसांच्या आत, आणि बर्फाच्या पेटीतून पाठवायचे. एकदा ती निळी पेटी मांडीवर घेऊन मी एसटीत बसलेले, शेजारची म्हातारी दोनदा पेटीकडे बघून शेवटी म्हणाली, बाय, सुरमई काय गो? मी म्हटलं नाय आजी, सरकारी काम आहे. ती म्हणाली वास नाय येत म्हणजे ताजी आसा. आता काय सांगणार तिला!

पण पोलिओत गंमत अशी की २०० जणांना लागण झाली तर साधारण एकालाच लुळेपणा येतो, बाकीचे १९९ खेळत असतात आणि व्हायरस वाटत असतात. त्या एकाची वाट बघत बसलं तर उशीर होतो म्हणून मुंबईत २००१ पासून गटारातलं पाणीच तपासायला सुरुवात झाली, परळला हाफकिनच्या आवारातल्या लॅबमध्ये. देशातली शेवटची जंगली पोलिओची केस जानेवारी २०११ ला हावड्याला सापडली, मार्च २०१४ ला आपल्याला पोलिओमुक्तचं सर्टिफिकेट मिळालं, तरी गटार तपासणी बंद नाही केली आणि ते बरोबरच आहे. लंडनसारख्या शहरात २०२२ ला गटारात पोलिओचा व्हायरस सापडला, एकही मूल लुळं पडलेलं नसताना त्यांनी १ ते ९ वर्षांच्या मुलांना जादा डोस द्यायला घेतला. कोरोनात तर पुणे, हैदराबाद, बंगळूर सगळीकडे सांडपाण्यावरून लाट चढतेय की उतरतेय ते बघत होते.

हे मी आमच्या एका साहेबांना सांगितलं तर साहेब म्हणाले, बाई, ते शहरातलं, तिथे गटारलाइन आहे, आपल्याकडे कुठे आहे. हे खरंच आहे. मुंबईत एका पंपिंग स्टेशनवर बाटली भरली की लाखो लोकांचं एकदम कळतं. आपल्याकडे घरटी एक सेफ्टी टँक. खरं नाव सेप्टिक, पण सगळे सेफ्टीच म्हणतात, त्यात सेफ्टी कसली ते देव जाणे. त्यात जुलैच्या पावसात उघड्या गटाराचा नमुना घ्याल तर बाटलीत नुसतं पावसाचं पाणी येईल, रिपोर्ट निल येईल आणि साहेब खूश होतील.

पण म्हणून सोडून द्यायचं? आपल्याकडेही माणसं एका जागी जमतात की. एसटी स्टँडचं शौचालय, रेल्वे स्टेशन, ग्रामीण रुग्णालय, आश्रमशाळा, बंदरावरचं सार्वजनिक संडास, या टाक्यांमध्ये रोज नवीन भर पडत असते, त्यांच्या आत येणाऱ्या पाइपाशी नमुना घ्यायचा, तळाच्या गाळातून नाही, कारण गाळ म्हणजे जुनी रद्दी. आणि मैला उपसणारी गाडी! ती दिवसाला चार घरं फिरते, तिच्यात जुना गाळही येतो, पण ती रिकामी होते तिथे एक बाटली भरली तर चार घरांचं एकदम कळलं. गाडीवाला कुठून कुठून उपसून आलाय ते त्याला विचारायचं, फक्त वाडीचं नाव लिहायचं, घराचं नाही. हे फार महत्त्वाचं आहे, कारण साथ आली की आपल्याकडे लगेच बोट कुठे जातं, तर आंब्याच्या बागेतल्या नेपाळ्यांकडे नाहीतर बोटीवरच्या खलाशांकडे. टाकीत कोणाचं नाव गाव नसतं हीच तिची चांगली गोष्ट.

मशीन बिशिन नसलं तरी चालतं. इंग्लंडमध्ये मूर नावाच्या जंतुशास्त्रज्ञाने १९४० च्या दशकात गॉजची घडी सुतळीला बांधून गटारात सोडून ठेवली, दोन तीन दिवसांनी काढून तपासली, आणि जंतू सापडला की गटाराच्या वरच्या बाजूला पुढची घडी, असं करत करत पॅराटायफॉइडचे, म्हणजे टायफॉइडसारख्या तापाचे, जंतू पोसणारा माणूस कुठे राहतो तिथपर्यंत पोचला. गॉज आणि सुतळी! आमच्या उपकेंद्रावर दुसरं काही नसलं तरी गॉज असायचंच. सुरुवातीला घडी आणि बर्फाची पेटी गावात, आणि लॅब बाहेर, एवढी वाटणी चालेल.

वेळही आपल्याला आधीच माहीत असते, हे मुंबईवाल्यांना नाही जमत. गणपतीला आणि शिमग्याला चाकरमानी येतात, चार दिवसांत गाव दुप्पट होतं, एकेका घरात एक संडास आणि पंधरा माणसं, विहीर तीच. मुंबईतलं जे काही असेल ते रेल्वेच्या जनरल डब्यातून आपल्याकडे येतं, इथलं काही असलं तर परत जातं. तर गणपतीच्या आठ दिवस आधी एकदा आणि विसर्जनानंतर दर आठवड्याला महिनाभर नमुने घ्या. वर्षभर नको, तेवढी माणसंच नाहीत आपल्याकडे, मला माहितीय एका नर्सबाईकडे किती कामं असतात ते.

आणि यातून सगळं कळेल असंही नाही. लेप्टो यात नीट पकडता येणार नाही, ते उंदराच्या मुताचं आणि शेतातल्या पाण्याचं प्रकरण. दोडामार्गकडचा माकडताप तर गोचिडीचा, त्याचा टाकीशी काही संबंध नाही. कावीळ, टायफॉइड, कॉलरा, पोलिओ, जुलाबाचे व्हायरस, एवढं मिळालं तरी पुष्कळ झालं.

मला खरी भीती आहे ती रिपोर्टचं काय होणार याची. पुण्यात २०२५ च्या सुरुवातीला जीबीएसची, म्हणजे हात पाय लुळे पडण्याच्या आजाराची, साथ आली, दोनशेच्या वर पेशंट, आणि माणसं आजारी पडल्यावर सगळे धावले विहिरीचं आणि टँकरचं पाणी तपासायला. आपल्याकडे त्याआधीच नमुना पॉझिटिव्ह आला तरी तो जिल्ह्याला जाईल, तिथून फाइलमध्ये, तिथून मीटिंगमध्ये, आणि होमस्टेवाले म्हणतील सीझनमध्ये गावाचं नाव नको खराब करू. त्यांचं पण पोट आहे, मी समजते. पण रिपोर्ट त्याच दिवशी आशाताईच्या आणि नर्सबाईच्या व्हॉट्सॲपवर आला पाहिजे, म्हणजे संध्याकाळपर्यंत पाणी उकळून प्या एवढं तरी ती घरोघरी सांगेल. ग्रामपंचायतीच्या फळ्यावर पण लिहा, हिरव्या कार्डाच्या शेजारीच.

त्या दहावीतल्या मुलीला आता स्वतःची मुलगी आहे, परवा बाजारात भेटली. ती बंगलेवाल्यांची टाकी अजून तिथेच आहे म्हणाली.

आपली,
एक निवृत्त नर्सबाई, ता. राजापूर