अधिवेशनाचा हंगाम आणि चुन्याचा हंगाम

महोदय,

हिवाळी अधिवेशन जवळ आले की नागपूरच्या विधान भवनात रंगरंगोटीची लगबग सुरू होते. तालुक्याच्या जुन्या कचेऱ्यांचेही तेच, फक्त तिथे मुहूर्त मार्चअखेरचा. ब्रिटिश काळातल्या या सरकारी इमारती बहुतेक चुन्यातल्या, आणि चुन्याचे काम या दोन्ही तारखांना जुमानत नाही.

विदर्भात चुन्याच्या गिलाव्याला दसऱ्यापासून फेब्रुवारीपर्यंतचाच काळ मानवतो. मे महिन्याच्या ४५ अंशांत तो आवळण्याआधीच, म्हणजे घट्ट धरण्याआधीच, पाणी सोडतो, भेगाळतो आणि बोटाने चोळला तरी भुगा होतो. पावसाळ्यात वाळतच नाही. नेमके डिसेंबरमध्ये सभागृह भरलेले असते, आणि गावाकडे निधी येतो फेब्रुवारीत, बिल काढायचे ३१ मार्चच्या आत. मग दुसऱ्या दिवशी घट्ट होणारे सिमेंट येते.

सिमेंट भिंतीतली ओल कोंडते. कित्येक कचेऱ्यांत पायथ्याला तीन फूट सिमेंटचा पट्टा मारलेला दिसेल. ओल त्याच्या मागून वर चढते आणि चौथ्या-पाचव्या फुटावर लोणा, म्हणजे क्षारांचा पांढरा थर, फुटतो. पट्ट्यावर हातोडीने हलकेच ठोकून पाहा, पोकळ वाजतो. काढला की आतल्या विटेचे पीठ ओंजळीत येते. त्यावर प्लास्टिक पेंट म्हणजे भिंतीचे उरलेसुरले नाक दाबणे.

चुनकळी, म्हणजे भाजलेल्या चुन्याचे खडे, पाण्यात विरवून किमान महिनाभर खड्ड्यात पाण्याखाली ठेवावी. न विरलेली खडी भिंतीत गेली तर नंतर फुगते आणि गिलाव्याला फोड येतात. विटांमधले सांधे इंचभर खोल खरवडून भिंत आदल्या दिवसापासून भिजवावी. एक भाग चुना, एक भाग सुरखी, म्हणजे विटेची भुकटी, दोन भाग धुतलेली वाळू. थर अर्ध्या इंचापेक्षा जाड नको, पहिला आवळल्याशिवाय दुसरा नको, आणि वर आठ-दहा दिवस ओले गोणपाट. चुन्यात घालायच्या गूळपाण्याचे फार कौतुक होते. बेताने घातले तर ठीक, जास्त झाले तर चुना आवळायलाच तयार होत नाही.

काळ्या मातीवरच्या इमारतीची भेग भरण्याआधी वर्षभर पाहावी. तिच्यावर काचेची पट्टी चिकटवून तारीख लिहावी; भेग हलली की काच तडकते. उन्हाळ्यात उघडणारी आणि पावसाळ्यात मिटणारी भेग भरून काही होत नाही. पन्हाळीचे आणि एसीचे पाणी पायापासून दूर न्यावे, निम्मे काम तिथेच होते.

कॅनडाने दुरुस्तीसाठी संसदेची मुख्य इमारत रिकामी केली; सिनेट चक्क जुन्या रेल्वे स्टेशनात भरू लागले. ब्रिटनमध्ये खासदारांनी बाहेर पडायचे की नाही यावरच वर्षानुवर्षे खल चालला आहे. नागपूरला तो प्रश्नच नाही. अधिवेशन काही आठवड्यांचे, सभागृह नंतर मोकळे. जानेवारीत काम सुरू करून फेब्रुवारीअखेर थांबवावे आणि एका हिवाळ्यात इमारतीची एकच बाजू घ्यावी.

त्यासाठी निविदा दोन आर्थिक वर्षांची हवी, आणि चुना विरवण्याचा खर्च त्यात वेगळी बाब म्हणून धरलेला हवा. जानेवारीत गिलावा करायचा तर चुन्याचा खड्डा नोव्हेंबरात भरलेला पाहिजे. कार्यादेश मात्र जानेवारीतच निघतो.

— जुन्या बांधकामांची कामे करणारे काही गवंडी व अभियंते,
दर्यापूर, जि. अमरावती