मशीन बिघडलेलं नाही, आई-बाबा

ती. आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

हे सगळं फोनवर सांगता आलं असतं. पण मी पाठवलेल्या, आपोआप फिरून झाडणाऱ्या मशीनचं नाव काढलं की आई विषय बदलते, आणि बाबा, तुम्ही "बरं बरं, पाहतो" म्हणून फोन तिच्याच हातात देता. म्हणून लिहिते आहे. बाबा, तुम्ही मोठ्याने वाचा, आईने शेजारी बसून ऐकावं. मध्येच उठून चुलीकडे जायचं नाही.

रविवारी व्हिडिओ कॉल चालू असताना तुम्ही दिवाणाखाली अडकलेलं मशीन काढायला फरशीवर पालथे झालात. फोन स्टुलावर होता, मला नुसती तुमची पाठ दिसत होती. उठताना दिवाणाचा पाय धरलात आणि हात दोनदा सुटला. चौऱ्याहत्तरावं वर्ष चालू आहे तुमचं. आईला वाकावं लागू नये म्हणून जी वस्तू मी पाठवली, ती तुम्हाला जमिनीवर झोपवते आहे, हे पाहून त्या रात्री मला झोप लागली नाही. आईचं मागून चाललंच होतं, "राहू दे ना वं, फडा का लय महाग झाला?" आई, फडा महाग नाही. तुझे गुडघे महाग आहेत.

सोमवारी रजा काढली आणि तुम्ही, दादाने, शेजारच्या पोराने जे जे सांगितलं होतं ते ओळीने मांडलं. मशीन परत पाठवायची गरज नाही. ते बिघडलेलंच नाही.

सुरुवात त्या चिकटपट्टीपासून झाली. मशीन माजघराच्या दारापर्यंत जायचं आणि मागे फिरायचं, म्हणून शेजारच्या पोराने कुठला तरी व्हिडिओ पाहून त्याच्या पोटाखाली पांढरी चिकटपट्टी लावली. त्याला रागावू नका, त्याने चांगल्या मनानेच केलं. पण पोटाखाली कडेकडेने जी काचेची बारीक भिंगं आहेत ते मशीनचे डोळे आहेत. त्यातून डोळ्यांना न दिसणारा प्रकाश खाली पडतो आणि फरशीवरून परत येतो. परत आला नाही तर मशीन समजतं की पुढे खड्डा आहे, आणि थांबतं. माजघराच्या दाराशी काळ्या फरशीची पट्टी आहे ना, बाबांनी हौसेने बसवून घेतलेली? काळा रंग तो प्रकाश गिळतो. म्हणून मशीनला तिथे विहीर दिसत होती.

चिकटपट्टी लागली आणि त्याला सगळीकडे फरशीच दिसायला लागली. शनिवारी ते काळी पट्टी ओलांडून माजघरात गेलं, कापसाच्या ढिगाशी. तिथे ब्रश भरला. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ओसरीच्या कडेला थांबलं नाही, दोन पायऱ्या खाली अंगणात पडलं. तेव्हापासून "ते तं मागं मागंच चालते" असं आई म्हणते, त्याचं कारण हे पडणं आहे. पुढचा अर्धगोल पट्टा धडक कळण्यासाठी असतो. पडल्यावर त्याच्या फटीत माती-खडा गेला असणार आणि पट्टा दाबलेलाच राहिला असणार. मशीनला वाटतं आपण सारखे भिंतीला धडकतो आहोत, म्हणून ते मागे सरतं आणि गोल फिरतं. पट्टा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत बोटाने दाबून पाहा. प्रत्येक ठिकाणी टक् आवाज होऊन बाहेर यायला हवा. जिथे येत नाही तिथे जुना टूथब्रश फिरवा.

चिकटपट्टी काढून टाका, आजच. डिंक राहिला तर कोरड्या मऊ फडक्याने पुसा. पुन्हा काहीही लावायचं नाही.

रात्री ते चार्जरवर जात नाही, याचंही कारण सापडलं. बाबा, तुम्ही झोपताना ते बटण बंद करता. मला माहीत आहे, तुम्ही घरातली सगळी बटणं बंद करून, दोन्ही कड्या तपासून, मगच पाठ टेकता. लहानपणी मला त्या कड्यांच्या आवाजाशिवाय झोप यायची नाही. पण चार्जरला वीज असेल तरच तो मशीनला "मी इथे आहे" अशी खूण देतो. बटण बंद म्हणजे अंधारात घर शोधणं. त्याला वीज फार थोडी लागते, ते एक बटण चालूच राहू द्या. आणि चार्जरसमोरची पाण्याची कळशी हलवा, समोर निदान पाच फूट जागा मोकळी लागते. वायफायचं मनावर घेऊ नका. लाईन गेली, नेट गेलं, तरी वरचं बटण दाबलं की ते झाडायला लागतं.

आता ब्रश. हे काम तुम्ही करू नका, दादा येईल तेव्हा करेल, पण कसं ते लिहून ठेवते. मशीन आधी बंद करायचं, मग गादीवर उलटं ठेवायचं. मधल्या ब्रशवरची जाळी दोन खटके दाबून निघते. ब्रश उचलला की त्याच्या टोकाचं टोपण ओढून काढायचं. बहुतेक लोक तिथवर जात नाहीत, वरवरचे केस काढतात आणि म्हणतात साफ केला. खरी गाठ टोपणाच्या आत असते. भाऊबीजेला आले होते तेव्हा मी ते टोपण काढलं, तर आत कापसाचा धागा गुंडाळलेला होता, तू समईसाठी वात वळतेस ना आई, तशीच घट्ट, तेलाचा हात लावल्यासारखी गुळगुळीत. त्यात तुझा एक पांढरा केस होता. मी ती वात फेकली नाही. पर्समध्ये आहे अजून.

आणि मग मी जाळीचा फिल्टर काढला.

त्या दिवशी तुम्हाला काही बोलले नाही, सणाचा दिवस होता. तो फिल्टर दसऱ्याला मी नवा बसवला होता. महिना झाला नव्हता आणि त्यावर बोटाच्या पेराएवढा राखाडी-पांढरा थर होता, नमद्यासारखा. उचलला तर अखंड निघाला. तेव्हा मशीन माजघरात कधी गेलंच नव्हतं, बाबा. काळी पट्टी त्याला जाऊच देत नव्हती. तो सगळा थर बैठकीतला होता, आई निजते त्या खोलीतला, देवाच्या कोनाड्याखालचा. दसऱ्याला पहिल्या वेचणीचा कापूस माजघरात आला आणि त्याची धूळ, सरकीवरचं तूस, पानांचा चुरा घरभर उडत राहिला. मशीनने गिळला तेवढा मला दिसला. उरलेला आईच्या छातीत जातो आहे.

आई, तू म्हणतेस खोकला थंडीचा आहे. थंडी तर आता पडते आहे, खोकला दसऱ्यापासून आहे. दवाखान्यात डॉक्टरांनी धुळीपासून लांब राहा म्हटलं ते तू बाबांना सांगितलं नाहीस, मला कळलं.

म्हणून मी एक गोष्ट ठरवली आहे. तुम्हाला विचारलं नाही, त्याबद्दल आधीच पाया पडते. दादाशी बोलून गोठ्याच्या बाजूच्या मोकळ्या जागेत कापसासाठी पत्र्याचं शेड करायला दिलं आहे. येत्या सोमवारी माणसं येतील. तीन बाजू बंद, दाराला जाळी, जमिनीवर विटा आणि विटांवर फळ्या, म्हणजे ओल वर चढणार नाही. पैसे देऊन झाले आहेत, तो विषय काढू नका.

बाबा, तुम्ही गप्प बसाल हे मला माहीत आहे. त्या वर्षी रात्री काय झालं ते मी लहान असले तरी पाहिलं आहे. त्यानंतर आपला कापूस कधी घराबाहेर राहिला नाही, आणि का राहिला नाही ते मला कुणी सांगायला नको. म्हणून शेडवरून विजेची तार जाऊ दिलेली नाही. आत दिवा नाही, बॅटरी घेऊन जायचं. चुलीची राख त्या बाजूला टाकायची नाही, ते धाकट्या काकूला मी स्वतः सांगितलं आहे. शेडची जागा तुमच्या खाटेवरून दिसते, मी दादाला मुद्दाम तिथूनच फोटो काढायला लावला. कुलूप एक, किल्ल्या दोन, आणि दोन्ही तुमच्याकडे.

दवाने कापूस ओलावेल ही तुमची काळजी बरोबर आहे. सरकारी खरेदी केंद्रावर ओलावा ८ टक्क्यांपर्यंत असेल तर पूर्ण भाव, वर कपात, आणि १२ च्या वर घेतच नाहीत. त्यासाठी रात्री ताडपत्री ओढायची आणि ऊन चढलं की काढायची. हे काम दादाकडे दिलं आहे, तुमच्याकडे नाही. शिवाय यंदा, २०२५-२६ च्या हंगामात, लांब धाग्याला हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये आहे. २०२२ च्या सुरुवातीला भाव १०,००० च्या वर गेला आणि पुढच्या हंगामात आपण तसाच भाव येईल म्हणून उन्हाळ्यापर्यंत ढीग घरात ठेवला, आठवतं? भाव आला नाही. आईच्या अंगावर मात्र पुरळ उठलं, आणि ती रात्रभर पदराने हात घासत बसायची. मी त्यावरून तुम्हाला दोष देत नाही बाबा. भाव वाढेल असं वाटून थांबणं चूक नाही, गावात सगळेच थांबले होते. यंदा थांबायचं तर खुशाल थांबा, फक्त ढीग आईच्या उशाशी नको.

मला तो ढीग आवडायचा, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको. शाळेतून आले की दप्तर फेकून त्यात उडी मारायची. माजघरात दिवा लावला की सगळा ढीग पिवळा दिसायचा. थंडीत मी त्यातच झोपून जायची, तुम्ही वेचणीचा हिशेब वहीत मांडत असायचात आणि मला उचलून नेताना वही काखेत धरायचात. तुमच्या सदऱ्याला कापसाचा आणि तंबाखूचा वास असायचा. मग रात्री अंगाला खाज सुटायची आणि आई झोपेतच खोबरेल तेल चोळायची. माजघर रिकामं होणार याचं मलाही वाईट वाटतं. पुढच्या वेळी मी येईन तेव्हा त्या खोलीत माझं अंथरूण घाला.

माजघर रिकामं झाल्यावर दोन दिवस दारं-खिडक्या उघड्या ठेवून काकूची बाई ओल्या फडक्याने भिंती आणि फरशी पुसेल. तिच्याशी बोलणं झालं आहे, तिचे पैसेही मी देते. त्या दोन दिवसांत आईने काकूकडे राहायचं. आई, तुला काकूकडचा चहा गोड लागतो, तर आपली साखर-पत्ती घेऊन जा. पण घरात थांबायचं नाही. आणि खोकल्याचा तोंडाने ओढायचा पंप ओढल्यावर चूळ भरायची, रोज. विसरलीस की तोंड येतं आणि मग तू भाजीत तिखट नको म्हणतेस आणि बाबा काही न बोलता तसंच जेवतात.

मशीनचं उरलेलं थोडक्यात. फिल्टर तू साबणाच्या पाण्यात धुऊन ओलाच बसवलास, म्हणून ओढ कमी झाली आणि कुबट वास आला. यापुढे अंगणात नेऊन हलकेच झटकायचा, नाकाला रुमाल लावून, आणि तेही बाबांनी. धुवायची वेळ आली तर नुसत्या पाण्यात, आणि सावलीत पूर्ण एक दिवस वाळल्याशिवाय बसवायचा नाही. ओसरीवर सडा टाकलास त्या दिवशी मशीन सकाळी लावू नका, पाणी आत गेलं तर खरोखर बिघडेल. नवा ब्रश आणि दोन फिल्टर आज निघाले आहेत, दारव्ह्याहून दादा घेऊन येईल. दिवाणाच्या चारही पायांखाली तो सागवानी ठोकळे बसवेल. मशीनच्या डोक्यावरचा उंचवटा दिवाणाच्या कडेला घासून अडकतो, बोटभर उंची वाढली की अडकणार नाही. तोवर अडकलं तर अडकू द्या. बाबा, तुम्ही फरशीवर झोपायचं नाही. पोराला हाक मारायची.

मी चिडून लिहिते आहे असं वाटलं तर तसं नाही. इथे पुण्यात ऑफिसात बसून तुमच्या घरातली धूळ मोजते आणि तुमच्या माजघरात काय ठेवायचं ते ठरवते, याचा मलाच त्रास होतो. जवळ असते तर फडा मीच घेतला असता. तुम्ही इकडे येणार नाही हे मी मान्य केलं आहे, पुन्हा तो विषय काढणार नाही. फक्त एवढं शेड होऊ द्या.

आणि बाबा, कापूस हलवताना आईच्या पितळी डब्यात चार मुठी चांगला, स्वच्छ कापूस काढून ठेवा. सरकी ती दुपारी ओसरीवर बसून काढेल, हळूहळू. वर्षभराच्या वातींसाठी.

तुमची,
बाई