बाबा, त्या कागदावर सही करू नका

प्रिय आई-बाबा,

बाबा, तुम्ही पाठवलेला त्या समन्स म्हणून दिलेल्या कागदाचा फोटो मी झूम करून नीट वाचला. हे सगळं लिहूनच पाठवतेय कारण फोनवर आईला रडू येतं आणि मग महत्त्वाचं बोलणं राहूनच जातं.

आई, पहिलं म्हणजे बाबांवर कुणी केस केलेली नाहीये. भांडण वाडामालक काकांच्या मुलांचं आहे, काकांच्या मृत्युपत्रावरून, आणि बाबांनी त्यावर साक्षीदार म्हणून सही केली होती म्हणून त्यांचं नाव आलंय. मृत्युपत्राला कमीत कमी दोन साक्षीदार लागतात आणि ते कोर्टात सिद्ध करायचं तर त्यातल्या एकाला तरी बोलवावंच लागतं, म्हणजे खरं समन्स उद्या येऊही शकतं.

पण हा कागद मला अजिबात बरोबर वाटत नाही. खऱ्या समन्सवर कोर्टाचं नाव, दाव्याचा नंबर, तारीख-वेळ, कशासाठी बोलावलंय ते, आणि न्यायाधीशांची किंवा कोर्टाच्या अधिकाऱ्याची सही-शिक्का असतो. हा तर वकिलाच्या लेटरहेडवर आहे, नंबर नाही शिक्का नाही, वर कॉलेज रोडच्या ऑफिसात आधार आणि बँक पासबुक घेऊन या, नाहीतर अटक होईल म्हणे. मृत्युपत्राच्या साक्षीला पासबुक कशाला हवंय? मी ई-कोर्ट्सच्या ॲपवर नावाने शोधलं, दावा खरंच चालू आहे, पण पुढची तारीख या कागदावरच्या तारखेशी जुळत नाही. फक्त बेलिफ, म्हणजे समन्स बजावणारा कोर्टाचा माणूस, आला नाही म्हणून खोटं असं मी म्हणणार नाही, कधीकधी कोर्ट पक्षकारालाच समन्स पोचवायला देतं, पण सही-शिक्का तेव्हाही लागतोच.

दादाला सांगितलंय, तो सोमवारी सीबीएस बस स्टँडजवळच्या कोर्टात जाऊन नाझरकडे, म्हणजे समन्स बजावणीचं काम बघणाऱ्या कोर्टाच्या अधिकाऱ्याकडे, चौकशी करेल.

समजा खरं निघालं तर टाळायचं नाही बाबा. कोर्टाचं समन्स कारण नसताना चुकवलं तर वॉरंट निघू शकतं, 5000 रुपयांपर्यंत दंडही होऊ शकतो. पण जाण्यायेण्याचा खर्च ज्याने बोलावलं त्याने कोर्टात भरायचा असतो, आणि तुमच्या गुडघ्यांमुळे जिना चढणं होत नसेल तर डॉक्टरांचं सर्टिफिकेट लावून कमिशनसाठी अर्ज करता येतो, मग कोर्टाने नेमलेला कमिशनर घरी येऊन साक्ष घेतो. आपण आपला वेगळा वकील बघू, त्यांच्यापैकी कुणाचा नको.

तुम्ही म्हणालात ना की थोरल्याच्या बाजूने बोललो तर धाकटी दुखावेल, दोघांनाही अंगाखांद्यावर खेळवलंय. मला कळतंय ते, झोप लागत नसणार तुम्हाला. पण तुम्ही कुणाच्याच बाजूचे नाही बाबा. काकांनी तुमच्यासमोर सही केली का, तेव्हा ते शुद्धीत होते का, खोलीत आणखी कोण होतं, जे पाहिलं तेवढंच सांगायचं. नाही आठवलं तर आठवत नाही म्हणायचं, उलटतपासात कुणी कितीही दरडावलं तरी अंदाजाने काही बोलायचं नाही. जमिनीचे भाव काय, कुणाला किती मिळायला हवं होतं, यात पडूच नका.

मी शनिवारी येतेय. तोपर्यंत कागद आणून देणारा तो माणूस परत आला तर आई, त्याला दारातूनच सांग, जे काय आहे ते कोर्टामार्फत पाठवा. मूळ कागद त्याच्याकडे परत देऊ नकोस, आणि बाबांची कशावरही सही नको, पोच म्हणूनसुद्धा नाही.

तुमची,
ताई