किमोनची सही राहून गेली

मा. संपादक,

रविवारच्या पुरवणीतला ग्रीक चांदीच्या नाण्यांवरचा लेख दोनदा वाचला. फोटो झकास, पण ‘ओतीव नाणी’ हा शब्द टोचला. हुपरीत चाळीस वर्षं ठसे कोरले, म्हणून लिहितो. ही नाणी ओतलेली नव्हेत, ठोकलेली. एक ठसा ऐरणीत बसवायचा, त्यावर चांदीची तापवलेली चकती, वर दुसरा ठसा आणि मग हातोड्याचा घाव. चकती जरा सरकली की चित्र कडेला जातं. अथेन्सच्या घुबडाच्या नाण्यांवर अथेना देवीच्या शिरस्त्राणाचा तुरा पुष्कळदा अर्धाच दिसतो, तो त्यामुळेच.

दुसरी गोष्ट जास्त लागली. लेखात राजे आले, लढाया आल्या. कोरणारा कुठेच नाही. तुम्ही मोठं करून छापलेलं, सिसिलीतल्या सिरॅक्यूज या ग्रीक शहराचं दहा द्राख्मांचं (द्राख्मा म्हणजे ग्रीकांचं चलन) नाणं, इ.स.पू. 400च्या आसपासचं, 43 ग्रॅमच्या घरातलं, किमोन नावाच्या ठसेकाराच्या हातचं आहे. नाण्यावरच्या अरेथूसेच्या, म्हणजे तिथल्या झऱ्याच्या देवतेच्या, मानेखाली जो डॉल्फिन आहे, त्याच्यावर त्याने आपलं नाव कोरलंय. नातीने मोबाइलवर मोठं करून दाखवलं तेव्हा चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. त्याच गावच्या एवाइनेतोस या ठसेकारानेही अशाच सह्या केल्यात.

किमोनने चार द्राख्मांच्या नाण्यावर अरेथूसा चक्क समोरून कोरली; तिथे सही कपाळावरच्या पट्टीवर. समोरचा चेहरा म्हणजे ठसेकाराची परीक्षा. ठशात नाक हा सगळ्यात खोल खड्डा, आणि नाणं हातोहात फिरू लागलं की तेच आधी झिजतं. त्यात सगळं उलटं कोरायचं. मी उमेदवारीत असताना लक्ष्मीच्या नाण्यावरचा ‘श्री’ सुलटा कोरला होता; पहिलं नाणं हातात आलं आणि वस्तादांनी नुसतं माझ्याकडे पाहिलं. किमोनची ती अरेथूसा इतकी गाजली, की ग्रीसच्या थेसली प्रांतातल्या लारिसा शहराच्या नाण्यांवर तिची नक्कल झाली.

तेव्हा पुढच्या वेळी फोटोखाली एवढं एक नाव छापा. जागा फार लागत नाही.

मीही एकदा कमळाच्या पाकळीखाली तिळाएवढी खूण केली होती. व्यापाऱ्याच्या नजरेतून सुटली नाही. ती घासून काढायला लावली. तो ठसा अजून माझ्या पेटीत आहे. त्या जागी पाकळी जरा फुगलेली उमटते.

— एक निवृत्त ठसेकार, हुपरी