पंख्याच्या विमानातली घरघर

महोदय,
गेल्या महिन्यात नाशिकजवळच्या ओझर विमानतळावरून पंख्याच्या विमानाने हैदराबादला गेलो. खिडकीची जागा मिळाली म्हणून खूश होतो, पण खिडकीबाहेर समोरच पंखा! घरून नेलेला चिवडा चक्क अळणी लागला. बायकोला उतरल्यावर फोनवर तसं सुनावलंही. नंतर वाचनात आलं की मोठ्या आवाजात गोड आणि खारट चव जिभेला कमी जाणवते. माफी मागावी लागली.

विमानाच्या केबिनमध्ये साधारण ७५ ते ८५ डेसिबल आवाज असतो. तास-दीड तासात त्याने कान बिघडत नाहीत, पण थकवा येतो. शेजाऱ्याचं बोलणं त्या घरघरीतून वेचून काढताना डोकं शिणतं. उतरल्यावर टॅक्सीवाल्याला पत्ता दोनदा चुकीचा सांगितला, तो मीच.

ओझरहून जाणाऱ्यांनी एवढं पाहावं: पंख्याच्या विमानात पंख्यांच्या रांगेत आवाज सर्वांत जास्त, मागे कमी. जेटमध्ये उलट, इंजिनं पंखांखाली असल्याने पुढच्या रांगा शांत. कानातले फोमचे बोळे स्वस्त, पण खालच्या पट्टीची घरघर त्यांना पुरती अडवता येत नाही. तिथे आवाज कापणारे हेडफोन बरे.

आपण एकदा जाऊन येतो. केबिनमधली मुलं-मुली मात्र दिवसातून तीन-चार फेऱ्या करतात आणि आणीबाणीत सर्वांत सावध त्यांनीच राहायचं असतं. विमान कंपन्यांनी त्यांच्या विश्रांतीचे तास ठरवताना हा आवाजही हिशेबात धरावा.

– एक वाचक, इंदिरानगर, नाशिक