शाळा सुटल्यावर मुलांनी जायचे कुठे?

महोदय,

शाळाप्रवेश, गणवेश आणि दप्तराचे ओझे यांवर वृत्तपत्रांतून नेहमी चर्चा होते. परंतु नाशिकमधील सातपूर, अंबड, चुंचाळे यांसारख्या कामगारवस्त्यांतील मुले शाळा सुटल्यापासून आई-वडील घरी येईपर्यंत कोठे असतात, हे कोणी विचारत नाही. शिक्षण हक्क कायद्याने पहिली ते पाचवीसाठी वर्षाला किमान २०० दिवस आणि ८०० तासांचे अध्यापन ठरवले आहे, म्हणजे दिवसाला सरासरी चार तास. कारखान्यातील पाळी आठ तासांची. त्यात ओव्हरटाइम आणि जाण्यायेण्याचा वेळ धरला, तर मूल अर्धा दिवस एकटे राहणार हे उघड आहे. बालकामगार कायद्यातील २०१६ च्या दुरुस्तीने धोकादायक कामे वगळता कुटुंबाच्या व्यवसायात ‘शाळेच्या वेळेनंतर’ मदत करण्याची मुलांना मुभा दिली. शाळेनंतरच्या तासांची कायद्याने दखल घेतली, ती अशी!

आमच्या भागातील एका घरात वडील कंत्राटी कामगार असून दुसऱ्या पाळीला जातात आणि आई गंगापूर रोडवरील घरांत संध्याकाळचा स्वयंपाक करते. पाचवीतील मुलगी धाकट्या भावाला सांभाळते. तिचा गृहपाठ व्हॉट्सॲपवर येतो. पण घरातला एकुलता एक फोन वडिलांबरोबर कंपनीत असतो आणि ते रात्री साडेअकराला परततात, तेव्हा ती झोपलेली असते. दुसऱ्या दिवशी वर्गात ‘गृहपाठ का केला नाहीस?’ या प्रश्नाला ती गप्प राहते, आणि तिचे हे गप्प राहणे अभ्यासातली टाळाटाळ समजले जाते.

अशा मुलांसाठी महापालिकेने आपल्याच शाळांत विनामूल्य सायंवर्ग चालवावेत, अशी माझी सूचना आहे. इमारती आहेत, बाके आहेत, नळ आणि स्वच्छतागृहेही आहेत. शाळा सुटल्यावर त्यांना कुलूप लागते, एवढेच. मात्र रविवारी तासभर येऊन छायाचित्रांपुरते शिकवून जाणाऱ्या उत्साही मंडळींच्या भरवशावर हे काम होणार नाही. वर्ग रोज आणि आई घरी येईपर्यंत चालला पाहिजे. त्यासाठी वस्तीतीलच बारावी किंवा पदवी झालेल्या ताईला वेळच्या वेळी मानधन मिळाले पाहिजे. दुपारच्या पोषण आहारानंतर रात्रीपर्यंत पोटात काही नसलेले मूल पाढे म्हणणार नाही, म्हणून मूठभर शेंगदाणे-गूळ किंवा उसळ हवीच. आणखी एक गोष्ट अनुभवाने सांगते: धाकट्या भावंडाला सोबत आणण्याची मुभा नसेल, तर अंगणवाडी सुटल्यावर त्याला सांभाळणारी मोठी बहीण वर्गाला येणारच नाही, आणि पटावर केवळ मुलगेच दिसतील.

खर्चाचा प्रश्न निघेलच. कंपनी कायदा, २०१३ नुसार ठरावीक मर्यादेपुढील कंपन्यांना सरासरी निव्वळ नफ्याच्या दोन टक्के रक्कम सामाजिक कामांवर खर्च करावी लागते आणि त्यात शिक्षणाचा समावेश आहे. ज्या कामगारांच्या श्रमावर औद्योगिक वसाहती उभ्या आहेत, त्यांच्या मुलांसाठी या निधीतील वाटा मागण्यात संकोच कसला? निमा आणि आयमा या उद्योजक संघटनांनी महापालिकेच्या शिक्षण विभागाबरोबर बैठक घेऊन येत्या जूनपासून सातपूर आणि सिडको विभागांतील प्रत्येकी दोन शाळांत तरी हा उपक्रम सुरू करावा आणि वर्गाची वेळ ठरवताना आधी वस्तीतील आयांना विचारावे.

— एक निवृत्त मुख्याध्यापिका, सातपूर, नाशिक