मंत्रिमहोदय, तुमचं डिजिटल ट्रान्सक्रिप्ट पाठवायचं कुणी?

माननीय उच्च शिक्षणमंत्री,
स. न. वि. वि.

अमेरिकेतल्या विद्यापीठाच्या ज्या विभागात मला एम.एस.साठी (पदव्युत्तर पदवीसाठी) प्रवेश मिळाला होता, त्यांचा काल ईमेल आला. प्रवेश पुढच्या वर्षावर ढकलता येईल. टीचिंग असिस्टंटशिप, म्हणजे शिकवण्यात मदत करून फीमाफी आणि मानधन मिळवण्याची जागा, मात्र दुसऱ्या विद्यार्थ्याला दिली आहे. कारण एका ओळीत होतं: अंतिम ट्रान्सक्रिप्ट, म्हणजे सगळ्या सत्रांच्या गुणांचा अधिकृत दाखला, मुदतीत पोहोचलं नाही. भाषा अतिशय सभ्य. इतक्या सभ्यपणे माझ्याशी आमच्या विद्यापीठाच्या परीक्षा विभागातलं कुणी कधी बोललेलं नाही.

ट्रान्सक्रिप्ट पंधरा दिवसांत, घरबसल्या, ऑनलाइन मिळेल, अशी घोषणा आपण केली होती. मी टाळ्या वाजवल्या होत्या. पोर्टल सुरूही झालं. पैसे खरोखरच घरबसल्या भरता येतात, त्याबद्दल आपले आभार मानायलाच हवेत. बाकी सगळ्यासाठी खिडकीपाशी जावं लागतं, आणि तिथे साहेब मीटिंगमध्ये असतात.

या मुलांना वेळेचं नियोजन जमत नाही, असं आपलं खातं म्हणतं म्हणून सांगते. ऑगस्टमध्ये सुरू होणाऱ्या वर्गासाठी अमेरिकेतल्या बहुतेक चांगल्या विभागांचे अर्ज आदल्या डिसेंबर-जानेवारीत बंद होतात. ऑक्सफर्ड-केंब्रिजच्या पदवी प्रवेशाची मुदत तर 15 ऑक्टोबर. टोफेल आणि आयईएल्ट्स या इंग्रजीच्या परीक्षांचे गुण दोन वर्षं चालतात, जीआरई या प्रवेशपरीक्षेचे पाच; पण गुण अर्जाआधी हातात हवेत, तेव्हा या परीक्षा आदल्या उन्हाळ्यातच उरकाव्या लागतात. मग एसओपीचे, म्हणजे 'मला हेच का शिकायचंय' सांगणाऱ्या निबंधाचे, खर्डे, तीन शिफारसपत्रं, प्रत्येक विद्यापीठाला वेगळी डॉलरमधली फी. म्हणजे पदवीचं एक वर्ष बाकी असतानाच पुढची दीड वर्षं कागदावर मांडावी लागतात. मी मांडली होती. माझ्या तक्त्यात सगळ्याला जागा होती, फक्त तुमच्या परीक्षा विभागाच्या मर्जीला नव्हती.

अंतिम सत्राची परीक्षा पुढे गेली, मग निकाल पुढे गेला. निकाल लागला तेव्हा परदेशात वर्ग सुरू व्हायला जेमतेम काही आठवडे उरले होते. त्यानंतर तुमचं ते डिजिटल ट्रान्सक्रिप्ट निघालं. कुठे आलं? माझ्या ईमेलवर! महोदय, विद्यार्थ्याने स्वतः पाठवलेली पीडीएफ परदेशातली विद्यापीठं अधिकृत धरत नाहीत. ती इथल्या विद्यापीठाकडून थेट जावी लागते, त्याच्या अधिकृत ईमेलवरून नाहीतर सीलबंद पाकिटातून. पदवीचं मूल्यमापन करणाऱ्या संस्थाही तेच मागतात. पोर्टल बांधण्यापूर्वी अर्ज केलेल्या एका विद्यार्थ्याला विचारलं असतं, तरी कळलं असतं. मी हे खिडकीवर सांगितलं. उत्तर मिळालं, 'आमचं काम झालं, स्टेटस कम्प्लीट दाखवतंय.' मग सीलबंद पाकीट मागितलं. त्यासाठी वेगळा अर्ज, वेगळं चलान, आणि शिक्का ज्यांच्या कपाटात होता ते रजेवर.

इथे एक कागद अडला की पुढचे सगळे अडतात. माझ्या प्रवेशाची अट होती, अंतिम ट्रान्सक्रिप्टशिवाय आय-20, म्हणजे विद्यार्थी व्हिसासाठी तिकडचं विद्यापीठ देतं ते प्रमाणपत्र, नाही. आय-20 नाही म्हणजे 350 डॉलरची सेव्हिस फी (परदेशी विद्यार्थ्यांच्या सरकारी नोंदणीची) भरता येत नाही, आणि ती भरल्याशिवाय व्हिसाच्या मुलाखतीला जाण्यात अर्थ नाही. 2025 मध्ये अमेरिकेने 27 मेपासून विद्यार्थी व्हिसाच्या नव्या मुलाखतींच्या वेळा देणं जेमतेम तीन आठवडे थांबवलं, तर जगभर मथळे झाले. तुमची खिडकी त्याहून जास्त काळ बंद होती. मथळा सोडाच, काचेवर एक चिठ्ठीसुद्धा नव्हती.

आणि मी काय गमावलं, हे तुम्हाला कळावं म्हणून सांगते. तिकडच्या बहुतेक विद्यापीठांनी मान्य केलेल्या संकेतानुसार आर्थिक मदतीसह मिळालेल्या प्रवेशाला 15 एप्रिलपर्यंत उत्तर द्यायचं असतं. मी या एका जागेला होकार दिला आणि हातातल्या बाकीच्यांना नकार कळवला. कारण इथे फी माफ होती आणि वर दरमहा मानधन होतं. आता प्रवेश आहे, पण पैसे नाहीत. घरी आईबाबा मला काही बोलत नाहीत. ते कर्जाच्या व्याजाचा हिशोब करत बसतात, आणि मी दुसऱ्या खोलीत जाते.

तुमच्या आख्ख्या खात्याचंच असं आहे. प्राध्यापकांकडे शिफारसपत्र मागितलं तर 'तूच लिहून आण, मी सही करतो.' ते अपलोड करायला संस्थेचा ईमेल लागतो. आमच्या दोन सरांकडे तो नव्हताच, आणि खाजगी ईमेलवरून गेलेल्या पत्राकडे संशयाने पाहिलं जातं. कॉलेजात या नियोजनाबद्दल विचारायला एक माणूस नाही. मग मुलं जातात कन्सल्टंटकडे. तिथे सल्ला फुकट असतो, कारण पुष्कळांना कमिशन परदेशी विद्यापीठं देतात, आणि सल्ला अर्थातच कमिशनच्या दिशेने वळतो. 2023-24 मध्ये एकट्या अमेरिकेत 11 लाखांहून जास्त परदेशी विद्यार्थी होते. त्यातल्या निम्म्यांनी तरी निघण्याआधी अशाच एखाद्या खिडकीपुढे उन्हाळा घालवला असेल, पैज लावा.

व्यासपीठावर तुम्ही बुद्धिमान तरुण देश सोडून जातात म्हणून गहिवरता. थांबवायची युक्ती मात्र नामी काढलीत, कागदच देऊ नका! परदेशी विद्यापीठांशी करार करताना फोटोला उभे राहता, आणि त्याच विद्यापीठांना एक पाकीट वेळेत पाठवणारा कारकून नेमत नाही. मोठ्या पदांवरच्या लोकांची मुलं परदेशी जातात तेव्हा त्यांचे शिक्के कुठल्या कपाटात असतात, तेही एकदा सांगा.

मागणं फार नाही. ट्रान्सक्रिप्ट विद्यापीठाच्या पत्त्यावरून थेट तिकडे जाऊ द्या. अंतिम वर्षाचे निकाल लांबणार असतील तर विद्यार्थ्याने अभ्यासक्रम पूर्ण केल्याचं पत्र अधिकृत सहीने आधी द्या. आणि पोर्टलवर 'प्रक्रिया सुरू आहे' असं लिहिण्याऐवजी अर्ज कुणाच्या टेबलावर आहे त्याचं नाव लिहा.

राहता राहिलं ते तातडीच्या सेवेचं जादा शुल्क. ते माझ्याकडून घेतलं आहे, सेवा दिलेली नाही. ते पैसे कधी परत मिळणार हे लेखी कळवा, आणि त्या पत्रावर सही कुणाची असेल तेही.

आपली,
एक प्रवेशपात्र विद्यार्थिनी